आधी रबराचा हिशेब

माझ्याकडे जीप रँग्लर आहे. 'जेके' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पिढीतली, चार दारांची रुबिकॉन, म्हणजे खडकाळ वाटांसाठीचं तिचं रूप, ३.६ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. चिखल, वाळू, नदीपात्रातले गोटे, सगळं तिच्याबरोबर शिकलो. तिचा कुठला आवाज काळजीचा आणि कुठला नुसता कुरकुरीचा, हे आता झोपेतही सांगू शकेन. अशी गाडी विकण्याचा विचार चांगल्या दिवशी मनात येत नाही. तो आला दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर.

ओळखीतल्या एकाने फोर्ड ब्रॉन्को घेतली. तीही चार दारांची, २.३ लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि सॅस्क्वॉच पॅकेज, म्हणजे कंपनीतूनच ३५ इंची टायर, पुढे-मागे दोन्ही डिफरेन्शियलना लॉक (लावलं की एक्सलवरची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात) आणि बिल्स्टाइनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. किल्ली हातात देऊन तो म्हणाला, "जा, दिवसभर ठेव." एवढं मोठं मन दाखवणाऱ्या माणसाला नंतर शिव्या द्याव्याशा वाटतात. कारण संध्याकाळी जीपमध्ये बसलो तेव्हा पहिल्याच सरळ रस्त्यावर मला जाणवलं, की मी स्टेअरिंग धरत नव्हतो, सतत सावरत होतो. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे मी वर्षानुवर्षं करत होतो आणि हात ते आपोआप करत असल्यामुळे कधी लक्षातच आलं नव्हतं. ब्रॉन्को मात्र दोन बोटांनी सरळ जात होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिच्या आत नीट बोलता येत होतं. माझ्या गाडीत खड्डा गेला की वाक्य पुन्हा सांगावं लागतं.

या दोन गाड्यांची गंमत अशी, की त्यांनी एकमेकींच्या जागा घेतल्या आहेत. पहिली ब्रॉन्को १९६६ सालच्या मॉडेलची. तिला पुढे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड दांडा, आणि कॉइल स्प्रिंग होत्या, तेव्हा रँग्लरच्या आधीच्या जीपच्या सीजे गाड्या चारही बाजूंनी पाट्यांच्या स्प्रिंगवर उभ्या होत्या. रँग्लरला कॉइल स्प्रिंग मिळाल्या त्या १९९७ च्या टीजे मॉडेलपासून. ब्रॉन्को १९९६ मध्ये बंद झाली, २०२० च्या जुलैमध्ये नव्या रूपात लोकांसमोर आली आणि पुढच्या वर्षी रस्त्यावर उतरली. पण पुढचा सॉलिड एक्सल ब्रॉन्कोने १९८० च्या मॉडेलपासूनच सोडून दिला होता, आणि या नव्या गाडीतही तो परत आला नाही. पुढची दोन्ही चाकं आता स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. रँग्लर मात्र पुढे-मागे अखंड एक्सल घेऊन अजून ठाम उभी आहे. सगळा वाद तिथेच आहे, बाकीच्या गोष्टी त्याच्या भोवतीच्या.

पुढचे काही दिवस मी जे सगळेच करतात ते केलं. आकडे काढले, जीपची किंमत किती येईल ते विचारलं, बायकोसमोर विषय सहज निघाल्यासारखा काढला. तिने सहज काही ऐकलं नाही. "घ्यायची आहे का तुला? मग सरळ सांग ना," म्हणाली.

माझा एक मित्र पेशाने मेकॅनिक आहे. त्याच्याकडे मी सल्ला मागायला गेलो नव्हतो, मनाने घेतलेल्या निर्णयाला होकार मागायला गेलो होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दोन गाड्यांची तुलना करतच नाहीयेस. जुन्या रबराची नव्या रबराशी करतोयस."

मग त्याने मला जीपखाली झोपवलं. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, आणि तो आत बसून स्टेअरिंग थोडंसं इकडून तिकडे हलवत राहिला. ही चाचणी कुणालाही करता येते आणि गाडी बदलण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती करावी, असं माझं मत झालं आहे. खालून दिसतं ते बोलकं असतं. पुढच्या एक्सलला आडवा धरून ठेवणारा ट्रॅक बार असतो. स्टेअरिंग हललं की आधी त्याच्या टोकाचा बुश, म्हणजे सांध्यातली रबरी गादी, दबत होता, मग बार हलत होता, आणि त्यानंतर कुठे चाक. म्हणजे माझा हात आणि चाक यांच्यामध्ये थकलेलं रबर बसलेलं होतं. जेकेला पुढे चार आणि मागे चार कंट्रोल आर्म, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे असतात, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बुश. सोळा बुश झाले. शिवाय पुढचा-मागचा ट्रॅक बार, स्वे बारच्या (गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं. यातलं काही तुटलेलं नव्हतं. सगळंच थोडं थोडं सैल झालं होतं. एवढी वर्षं दगडांतून काढल्यावर कुठल्याही बनावटीच्या गाडीचं हेच होणार. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळत नव्हते, पण एक सोडवून हाताने दाबला तर परत वर यायलाही राजी नव्हता.

शेवटी त्याने टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. माझ्या टायरची नक्षी छान शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत होतो. शिक्क्याने सांगितलं, की नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालंय. कडक टायर हवा कमी केल्यावर दगडाला धरून बसत नाही, त्याच्यावरून घसरतो.

आता खरा पेच. गाडी विकायचीच असेल तर तिच्यात पैसे कशाला घालायचे? हा व्यवहारी प्रश्न आहे आणि त्याचं नेहमीचं उत्तर "घालू नयेत" हेच आहे. विकताना नव्या बुशचे पैसे कोणी वेगळे मोजत नाही. पण मी उलटा विचार केला. गाडी बदलायला जी रक्कम वर भरावी लागणार होती, तिच्यापुढे या दुरुस्तीचा खर्च दहावा हिस्साही नव्हता. एवढ्यात जर कळणार असेल की ब्रॉन्कोचं श्रेष्ठत्व किती खरं आणि किती नवेपणाचं, तर तो खर्च मला महाग वाटला नाही. बायकोला हा युक्तिवाद संशयास्पद वाटला. "म्हणजे आधी हिच्यावर खर्च आणि मग ती घ्यायची?" तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

काम सुरू झालं. बुश रबराचे घ्यायचे की पॉलियुरेथेनचे, यावर आम्ही बरंच बोललो. पॉलियुरेथेनचे टिकाऊ आणि घट्ट असतात, रस्त्यावर स्टेअरिंग आणखी ताठ लागतं. पण खडकाळ जागी एक्सल तिरका होतो तेव्हा कंट्रोल आर्मला थोडं पिळलं जावं लागतं, आणि तिथे हे बुश आडमुठेपणा करतात. शिवाय वंगण सुकलं की कुईकुई करतात. मी मूळचेच, रबराचे घेतले. याच कामात एक गोष्ट पाहिली जी घाईतल्या गॅरेजमध्ये हमखास राहते: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर, तिच्या रोजच्या उंचीवर उभी असताना. गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले तर बुश त्या लटकत्या स्थितीत पक्का होतो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मित्राने गाडी खाली उतरवून, आत सरपटत जाऊन एकेक बोल्ट आवळला. त्याचे गुडघे आणि त्याची भाषा दोन्ही त्या दिवशी फार खराब झाली.

टायर घेताना मी एक पायरी वर गेलो. रुबिकॉनला मूळचे २५५/७५ आर १७, म्हणजे साधारण ३२ इंची. मी २८५/७० आर १७ घेतले, ३३ इंची. ३५ इंचांची बरोबरी करायची नव्हती, कारण तिथे गेलं की सस्पेन्शन उचला, गिअर बदला, ब्रेकचा विचार करा, अशी रांग लागते. शेवटी अलाइनमेंट. आणि मग ब्रॉन्कोच्या मालकाला फोन: "पुन्हा एकदा देतोस का? या वेळी तूही ये, माझी तू चालव."

आम्ही डांबरी रस्ता, खडबडीत कच्चा रस्ता आणि गोट्यांची चढण, तिन्ही ठिकाणी गाड्या अदलून बदलून चालवल्या. कच्च्यावर उतरताना दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा सारखीच कमी केली. हे केलं नाही तर बाकी सगळ्या निरीक्षणांना काही अर्थ उरत नाही.

डांबरावर जीपचं सावरणं जवळजवळ गेलं होतं. जवळजवळच. ब्रॉन्को तरीही सरस होती, आणि आता त्याचं कारण रबर नव्हतं. तिच्याकडे रॅक-अँड-पिनियन स्टेअरिंग आहे, हाताची हालचाल थेट चाकाला पोहोचते. जेकेला जुन्या पद्धतीचा स्टेअरिंग बॉक्स, तिथून रॉड, तिथून दुसऱ्या टोकाचं चाक. कितीही नवं केलं तरी मध्यभागी थोडा आळस राहतोच. पण पहिल्या दिवशी जो फरक मला जमीन-अस्मानाचा वाटला होता, त्यातला मोठा भाग नाहीसा झाला होता. ब्रॉन्कोचा मालक माझ्या गाडीतून उतरून म्हणाला, "ही तीच आहे?"

खडबडीत कच्च्या रस्त्यावर, वेगात, ब्रॉन्को निर्विवाद जिंकली. लाटांसारख्या उंचवट्यांवरून ताशी पन्नासच्या पुढे गेलं की जीपचा पुढचा एक्सल स्वतःच्या वजनानिशी उड्या मारतो. ते सगळं लोखंड स्प्रिंगच्या खाली लटकलेलं आहे; शॉक अ‍ॅब्सॉर्बरने किती म्हणून आवरायचं? ब्रॉन्कोमध्ये पुढचा डिफरेन्शियल चेसिसला बांधलेला, चाकाबरोबर हलणारा भाग हलका. तिथे चर्चेला जागाच नाही. ज्याचा बहुतेक प्रवास लांबलचक, मोकळ्या, वेगाने कापायच्या कच्च्या रस्त्यांवर आहे त्याने माझं पुढचं म्हणणं न वाचता ब्रॉन्को घ्यावी.

मग गोटे. इथे सॉलिड एक्सल तराजूच्या दांडीसारखा वागतो: एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही. आणि चढणारं चाक एक्सललाही वर घेऊन जातं, त्यामुळे एक्सलखालची मोकळी जागा कायम राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एक चाक दबलं तर ते एकटंच दबतं, आणि दोन्ही दबली तर चेसिसला बांधलेला डिफरेन्शियल तेवढा खाली येतो. सॅस्क्वॉच ब्रॉन्कोची जमिनीपासूनची उंची सुमारे २९ सेंमी, माझ्या गाडीची मूळची सुमारे २५. उभ्या गाडीचा हा आकडा खरा आहे, पण त्यात टायरचा वाटा मोठा आहे. ३२ आणि ३५ इंचांत नुसत्या त्रिज्येचाच जवळजवळ चार सेंमीचा फरक पडतो. गोट्यांमध्ये हळूहळू जाताना, स्वे बार सोडवून, माझी गाडी चारही पायांनी जमीन चाचपत वर गेली. ब्रॉन्कोही वर गेली, पण एक चाक हवेत ठेवून आणि डिफरेन्शियल लॉकच्या भरवशावर. पोचल्या दोघीही. मला माझी जास्त आवडली, आणि हे मत शंभर टक्के निःपक्षपाती आहे असा दावा नाही.

ब्रॉन्कोच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. दोघींनाही बटणाने स्वे बार सोडवता येतो, पण बॅडलँड्स प्रकारच्या ब्रॉन्कोतली हायड्रॉलिक यंत्रणा गाडी वाकडी अडकलेली असताना, बारवर ताण असतानाही तो सोडवते. जेकेची विजेवर चालणारी यंत्रणा तशा अवस्थेत कधी कधी वाट पाहायला लावते. त्यामुळे मी बटण आधीच, सपाट जागेवर दाबतो. सवयीचा भाग आहे, पण नवख्याला ती सवय लागेपर्यंत त्याची चढण अर्ध्यावर अडकलेली असते.

गिअरच्या आकड्यांवरून लोक हमरीतुमरीवर येतात म्हणून तेही सांगतो. माझ्या गाडीचा पहिला गिअर ४.४६, लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारी जादा गिअरजोडी) ४, एक्सल ४.१०, गुणाकार ७३. ब्रॉन्कोच्या सात गिअरच्या मॅन्युअलमध्ये पहिल्याच्याही खाली एक वेगळा सरपटायचा गिअर आहे, ६.५९ चा, लो रेंज ३.०६, एक्सल ४.७, गुणाकार जवळजवळ ९५. मोठ्या टायरमुळे त्यातलं थोडं वाया जातं, तरी ती पुढेच. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या या गिअरमध्ये, पायाने काहीही न दाबता, ताशी दीड किलोमीटरच्या आसपास चालतात. बाजूने चालणारा माणूस कंटाळून पुढे निघून जातो. त्यापेक्षा हळू जाण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

पाण्याच्या खोलीचंही तसंच. ब्रॉन्को सुमारे ८५ सेंमी, जेके सुमारे ७६. मला तळ माहीत नसेल तर मी गुडघाभर पाण्यातही आधी चालत जातो, त्यामुळे वरचे नऊ सेंमी कागदावरच राहणार.

आता ज्यावर रबराचा काहीच इलाज नव्हता त्या गोष्टी. पुढची गाडी अचानक थांबली तर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा माझ्या जीपमध्ये नाही, ब्रॉन्कोमध्ये आहे. टर्बोचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो. माझ्या व्ही-६ ला ३५३ न्यूटन-मीटर द्यायला ४,८०० फेऱ्या लागतात, तोवर ओव्हरटेक करायची जागा संपलेली असते. अवघड वळणावर आतलं मागचं चाक रोखून गाडी जागीच वळवायची ब्रॉन्कोची युक्ती खरोखर उपयोगी आहे, जरी ती वाट उकरून ठेवते आणि म्हणून मला फारशी पसंत नाही. दारं काढली तरी तिचे आरसे जागेवर राहतात, कारण ते दाराला नाही, बॉडीला लावलेले आहेत. इतकी साधी अक्कल माझ्या जीपच्या वेळी कुणाला का सुचली नाही, कोण जाणे.

यातला पहिला मुद्दा बायकोने उचलला. महामार्गावरचा प्रवास तीही करते, आणि तिचं म्हणणं एका वाक्यात होतं: "तू चढण किती छान चढतोस त्याच्याशी मला काय करायचंय, मला मागून ट्रक येत असताना गाडी सरळ राहायला हवी आणि पुढे काही झालं तर थांबायला हवी." याला माझ्याकडे बुश, एक्सल, तराजू, कशातही उत्तर नव्हतं. सरळ राहण्याचा भाग दुरुस्तीने सुटला, थांबण्याचा नाही.

विरुद्ध पारड्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे जीपवर चढवलेलं सामान. पुढचा विंचचा बंपर, दारांखालच्या दगड झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मागची खणांची पेटी, दुसरी बॅटरी. यातलं जवळजवळ काहीच ब्रॉन्कोला बसत नाही, आणि गाडी देताना त्याचं मोल जवळजवळ शून्य धरलं जातं. म्हणजे नव्या गाडीची किंमत शोरूममध्ये सांगतात ती नसते. त्यात ही सगळी खरेदी पुन्हा मिळवायची. शिवाय प्रत्येक वस्तूचं वजन गाडीच्या वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतं. ती क्षमता दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते आणि ती पट्टी खरेदीच्या वेळी कुणीही वाचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दूरवर काही वाकलं तर. माझा टाय रॉड एकदा दगडावर वाकला होता. तो जॅक आणि पट्टा लावून, जमेल तसा सरळ करून आम्ही हळूहळू गाडी बाहेर आणली. जाड नळी आहे, काय झालंय ते डोळ्यांना दिसतं. स्टेअरिंगचा रॅक दुखावला तर वाटेवर त्याला करण्यासारखं काही नसतं. असं किती वेळा होतं? फार क्वचित. पण मी जिथे जातो तिथे फोनला रेंज नसते आणि एकच गाडी घेऊन जायची वेळही येते, त्यामुळे त्या क्वचितला माझ्या हिशेबात वजन जास्त आहे. दोन-तीन गाड्यांच्या गटाने जाणाऱ्याने ते कमी धरावं.

शेवटी जीप ठेवली. लांबच्या महामार्गाला आता आम्ही घरातली दुसरी, लहान गाडी नेतो. तिला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. बायकोचा प्रश्न मी सोडवला असं म्हणता येणार नाही, फक्त तो जीपमधून बाहेर काढला. जीपने थेट कच्च्यापर्यंत जायचं असेल तेव्हा तो पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा आम्ही ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत, पहाटेच निघतो.

निर्णय कायमचा नाही, आणि तो कधी उलटेल हेही आम्ही ठरवून टाकलं आहे. मित्राने दर पावसाळ्यानंतर चेसिसला हातोडीने ठोकून पाहायला सांगितलंय, विशेषतः मागच्या कंट्रोल आर्मच्या जोडाजवळ, जिथे चिखल साचून राहतो. टणक आवाज येतोय तोवर ठीक. तिथे पापुद्रे सुटायला लागले तर बुश बदलून भागणार नाही, मग ब्रॉन्कोवाल्याला पुन्हा फोन. त्याने मात्र त्या दिवसानंतर स्वतःच्या गाडीच्या टायरवरचा शिक्का वाचला, आणि सुट्ट्या स्टेपनीवर त्याला भलतंच वर्ष सापडलं. सध्या तो त्याच्या विक्रेत्याशी भांडतोय.